हे बेट कुणाचं?

मधुमेहावरच्या बऱ्याच शोधनिबंधांत ‘साहित्य आणि पद्धती’ या भागात एक ठरलेलं वाक्य येतं: अमुक वाणाच्या, अमुक आठवडे वयाच्या उंदरांच्या स्वादुपिंडातून आयलेट वेगळ्या केल्या. वाचणारा तिथं रेंगाळत नाही. त्याला आलेख बघायचे असतात, निष्कर्षाकडं जायचं असतं. या पुस्तकाची सगळी पानं त्या एका वाक्याविषयी आहेत. तो प्राणी कोणता होता, किती वयाचा होता, काय खात होता, त्याच्या पोटातून ती ऊती कशी बाहेर काढली आणि बाहेर येताना तिच्यावर काय बेतलं, यावर पुढच्या आलेखाचा आकार ठरतो. तीस वर्षं या कामात काढल्यावर मला हे इतकं उघड वाटतं, की विद्यार्थी त्या वाक्यावरून पटकन पुढं सरकले की मी त्यांना थांबवतो आणि विचारतो, हे बेट कुणाचं?

पाठ्यपुस्तकात त्यांना लँगरहॅन्सची द्वीपकं म्हणतात, प्रयोगशाळेत सगळे आयलेटच म्हणतात. मी बेट म्हणणार आहे, कारण शब्द साधा आहे आणि चित्र अचूक आहे. जठराच्या मागं आडवं पसरलेलं स्वादुपिंड जवळजवळ सगळंच अन्न पचवणारी विकरं बनवण्यात गुंतलेलं असतं. त्या पसाऱ्यात विखुरलेली ही बेटं वजनानं जेमतेम एक-दोन टक्के. माणसात ती दहा लाखांच्या आसपास असतात आणि एकेकाचा व्यास सरासरी मिलिमीटरचा सातवा भाग. एवढ्याशा जागेत हजार-दोन हजार पेशी राहतात: इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा, ग्लुकागॉन बनवणाऱ्या आल्फा, सोमॅटोस्टॅटिन बनवणाऱ्या डेल्टा आणि आणखी एक-दोन जातींच्या. रक्तातली साखर वाढली की किती इन्सुलिन सोडायचं, हे इथं ठरतं. टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणाच बीटा पेशी मारते. टाइप २ मध्ये त्या वाढलेल्या मागणीपुढं हळूहळू हरतात.

मग माणसाचीच बेटं का तपासत नाहीत? जिवंत माणसाच्या स्वादुपिंडाचा तुकडा काढणं धोक्याचं असतं. विकरं बाहेर झिरपली तर अवयव स्वतःलाच पचवू लागतो. मानवी बेटं मिळतात ती बहुतांशी मृत अवयवदात्यांकडून. ती थोडी असतात, आणि त्यांतही रोपणाचा हक्क आधी येतो. म्हणून गेली दीडशे वर्षं आपण प्राण्यांकडं जात आलो आहोत, आणि कोणत्या प्राण्याकडं जायचं हे कधी विज्ञानानं ठरवलं, कधी कसाईखान्यानं, कधी समुद्रकिनाऱ्यानं.

सुरुवात सशापासून झाली. १८६९ मध्ये बर्लिनमध्ये पाउल लँगरहॅन्स हा विशीतला विद्यार्थी डॉक्टरेटचा प्रबंध लिहीत होता. सशाचं स्वादुपिंड सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना त्याला इतरांहून वेगळ्या, छोट्या, फिक्या पेशींचे पुंजके दिसले. ते काय करतात हे आपल्याला ठाऊक नाही, असं त्यानं सरळ मान्य केलं. क्षयानं खंगलेला लँगरहॅन्स पुढं मदैरा बेटावर राहायला गेला आणि १८८८ मध्ये तिथंच वारला. त्या पुंजक्यांना त्याचं नाव मिळालं ते १८९३ मध्ये, फ्रेंच संशोधक एदुआर लागेस याच्याकडून. बेटांना ज्याचं नाव आहे त्याला ती बेटं कशासाठी आहेत हे कधीच कळलं नाही, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसरा प्राणी कुत्रा. १८८९ मध्ये स्ट्रासबर्गला ऑस्कर मिंकोव्स्की आणि योसेफ फॉन मेरिंग यांनी कुत्र्याचं संपूर्ण स्वादुपिंड काढलं, आणि कुत्र्याला मधुमेह झाला. मिंकोव्स्कीनं नंतर केलेला प्रयोग मात्र कमी सांगितला जातो. स्वादुपिंडाचा एक तुकडा त्यानं कुत्र्याच्या कातडीखाली ठेवला आणि उरलेलं स्वादुपिंड काढून टाकलं. मधुमेह झाला नाही. कातडीखालचा तुकडा काढला तेव्हा झाला. स्वादुपिंडातून काहीतरी थेट रक्तात जातं, त्यासाठी आतड्याकडं जाणारी नळी लागत नाही, हे यातून दिसलं. बेटांच्या रोपणाची सगळी कल्पना त्या कातडीखालच्या तुकड्यात होती. १८९३ च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या ब्रिस्टल इथं वॉटसन विल्यम्स यांनी मधुमेहानं मरणपंथाला लागलेल्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या कातडीखाली मेंढीच्या स्वादुपिंडाचे तुकडे ठेवले. मुलगा तीन दिवसांत गेला. एका प्राण्याची ऊती दुसऱ्या प्रजातीच्या शरीरात का टिकत नाही, हे कळायला अजून अर्धशतक जायचं होतं.

नंतरची पायरी माशांची आहे, आणि ती मराठी वाचकाला क्वचितच कुणी सांगितली असेल. हाडांच्या सांगाड्याच्या बऱ्याच माशांत बेटांच्या पेशी विकरं बनवणाऱ्या ऊतीत मिसळलेल्या नसतात. त्या एकत्र येऊन डोळ्यांना दिसेल, चिमट्यानं उचलता येईल असा दाणा बनतो. याला ब्रॉकमन पिंड म्हणतात. माणसाच्या स्वादुपिंडातून इन्सुलिन काढताना मोठी अडचण हीच, की अवयव कुटला की पचनाची विकरं इन्सुलिनलाच फस्त करतात. माशानं ही वाटणी आधीच करून ठेवलेली असते. स्कॉटलंडमध्ये जॉन रेनी यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात माशांची बेटं मधुमेही रुग्णांना देऊन पाहिली; पोटातून दिलेलं इन्सुलिन पचून जातं हे तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. १९२२ मध्ये जे. जे. आर. मॅक्लाउड यांनी कॅनडाच्या अटलांटिक किनाऱ्यावर अँगलरफिश आणि स्कल्पिन या माशांचे हे दाणे वेगळे केले, उरलेली स्वादुपिंडाची ऊती वेगळी केली आणि दोन्हींचे अर्क तपासले. साखर उतरवणारा अर्क दाण्यांचाच निघाला. इन्सुलिन बेटांतून येतं याचा इतका स्वच्छ पुरावा त्या काळी कुत्र्याकडून किंवा गायीकडून मिळणं शक्य नव्हतं.

टोरोंटोतल्या इन्सुलिनच्या शोधाची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, म्हणून मी तिच्यातल्या प्राण्यांपुरतंच बोलतो. १९२१ च्या उन्हाळ्यात फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांनी कुत्र्यांच्या स्वादुपिंडाची नळी बांधली, विकरं बनवणारा भाग आक्रसेपर्यंत थांबले आणि उरलेल्या ऊतीचा अर्क काढला. यात आठवडेच्या आठवडे जात, कुत्रे मरत, आणि हाती येई तो अर्क दुसऱ्या कुत्र्याला काही दिवस पुरे. बँटिंग शेतकऱ्याचा मुलगा. कापायला नेण्याआधी गायी फळवतात हे त्याला ठाऊक होतं, म्हणजे कसाईखान्यात वासरांचे गर्भ मिळणार. गर्भात बेटं आधी तयार होतात आणि विकरांची फौज उशिरा येते, त्यामुळं चार महिन्यांच्या आतल्या गर्भाचं स्वादुपिंड जवळजवळ विकरांविनाच असतं. त्यानंतर मोठ्या जनावरांच्या स्वादुपिंडातूनही मद्यार्क वापरून इन्सुलिन काढता येतं हे दिसलं, जेम्स कॉलिपनं ते शुद्ध केलं आणि जानेवारी १९२२ मध्ये चौदा वर्षांच्या लेनर्ड थॉम्पसनला ते टोचलं गेलं. त्या आधीच्या कुत्र्यांपैकी मार्जोरी नावाची एक कुत्री स्वादुपिंडाशिवाय सुमारे सत्तर दिवस जगली. एका पिवळ्या कोली कुत्र्याच्या मरणानं आपण रडलो, असं बँटिंगनं पुढं लिहून ठेवलं आहे. ही नोंद मी दर वर्षी नव्या विद्यार्थ्यांना सांगतो.

नंतरची साठ वर्षं जगभरचे मधुमेही गायीबैलांच्या आणि डुकरांच्या इन्सुलिनवर जगले. आपल्याकडंही दीर्घकाळ तेच मिळे. आठ औंस शुद्ध इन्सुलिनसाठी दोन टनांहून जास्त डुकरांचे अवयव लागत. डुकराचं इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून एकाच अमिनो आम्लानं वेगळं आहे, गायीचं तीन अमिनो आम्लांनी. १९८२ मध्ये जीवाणूंकडून बनवलेलं मानवी इन्सुलिन बाजारात आलं आणि कसाईखान्याचं हे काम ओसरलं. पण तोवर संशोधनाचा प्रश्न बदलला होता. बेटातून काय निघतं हे समजलं होतं. बेट विचार कसा करतं, हे समजायचं होतं, आणि त्यासाठी बेट अखंड आणि जिवंत हवं होतं.

इथं माझ्या पुस्तकाचा गाभा सुरू होतो. जिवंत बेट बाहेर काढायचं कसं? स्वीडनमध्ये उप्सालाला क्लेस हेलरस्ट्रॉम यांनी १९६४ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली बारीक हत्यारांनी एकेक बेट सोलून काढायची रीत सांगितली. त्यासाठी त्यांनी निवडलेला प्राणी बघा: ओबी-ओबी नावाचा जन्मजात लठ्ठ माउस. त्याची बेटं अवाढव्य असतात आणि त्यांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त पेशी बीटा असतात. सोलायला सोपी, मोजायला सोपी. पण ती बेटं एका आजारी, अखंड भुकेल्या जनावराची होती. पुढच्याच वर्षी वॉर्सात स्तानिस्वाव मॉस्कालेव्स्की यांनी गिनीपिगचं स्वादुपिंड कोलॅजिनेज या विकरात मुरवून बेटं मोकळी केली. १९६७ मध्ये सेंट लुइसच्या पॉल लेसी आणि मेरी कोस्टियानोव्स्की यांनी रॅटमध्ये त्यात एक युक्ती जोडली: आधी नळीतून द्रव भरून स्वादुपिंड फुगवायचं, मग तुकडे करून मुरवायचं. आजही बेटं काढणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत याच पद्धतीची नातवंडं नांदतात.

(मराठीत माउस आणि रॅट दोघांनाही उंदीरच म्हणतात. या पुस्तकात मी तसं करणार नाही. त्या दोघांचे पूर्वज एक कोटीहून अधिक वर्षांपूर्वी वेगळे झाले, आणि त्यांची बेटं एकमेकांच्या जागी चालत नाहीत.)

हे काम हातानं कसं होतं, ते सांगायला हवं. भूल देऊन प्राणी मारल्यावर पोट उघडायचं, पित्तनळी आतड्याला मिळते तिथं चिमटा लावायचा आणि केसासारख्या सुईनं नळीत गार कोलॅजिनेज सोडायचं. बरोबर गेलं तर स्वादुपिंड डोळ्यांदेखत फुलतं, पारदर्शक होतं. मग ते काढून सदतीस अंशाच्या पाण्यात ठेवायचं. दहा मिनिटं, बारा, पंधरा. एक मिनिट कमी झालं तर बेटांना विकरपेशी चिकटून राहतात, एक मिनिट जास्त झालं तर बेटंच विरघळतात. कोलॅजिनेज हे एका जीवाणूपासून मिळतं आणि त्याची प्रत्येक बॅच वेगळी वागते, म्हणून आदल्या बाटलीचं वेळापत्रक नव्या बाटलीला चालत नाही. त्यानंतर गार द्रवानं मुरणं थांबवायचं, निरनिराळ्या घनतेच्या थरांवर फिरवून बेटं वेगळी काढायची, आणि शेवटी डिशमध्ये, सूक्ष्मदर्शकाखाली, पिपेटनं एकेक वेचायचं. आई परातीत तांदूळ घेऊन खडे निवडायची, तशीच मान खाली घालून तासन् तास बसावं लागतं. फक्त इथं वेचलेलं ठेवायचं असतं. एका माउसमागं शंभर ते तीनशे बेटं मिळतात, रॅटमागं त्याहून जास्त. रात्रभर ती पोषक द्रवात विसावली की दुसऱ्या दिवशी त्यांना साखर देऊन विचारायचं, इन्सुलिन सोडता का?

माझी बेटं एकदा उत्तर देईनाशी झाली. निम्मी तुकडी नीट इन्सुलिन सोडत होती, निम्मी मंद. मी कोलॅजिनेज बदललं, पाणी बदललं, स्वतःच्या हातावर संशय घेतला. सहा आठवडे गेले, आणि अठ्ठेचाळीस जनावरं गेली. शेवटी पिंजऱ्यांवरच्या चिठ्ठ्या मागं शोधत गेलो तेव्हा कळलं, की प्राणी दोन वेगळ्या प्राणिगृहांतून आले होते. दोन्हींवर लिहिलं होतं एकच: ‘ब्लॅक ६’. पण एक तुकडी जे उपवाणाची होती आणि दुसरी एन उपवाणाची. जे उपवाणात एनएनटी नावाच्या जनुकाचा एक भाग गळालेला आहे आणि त्या माउसना साखर हाताळणं जड जातं, बेटांचं इन्सुलिन कमी सुटतं. दोन्ही उपवाण दिसायला हुबेहूब सारखे, काळेभोर. एका अक्षराचा फरक होता आणि तो चिठ्ठीवर लिहिलेलाच नव्हता. त्या अठ्ठेचाळीस प्राण्यांचं ऋण माझ्यावर आहे, आणि हे पुस्तक लिहायला मी बसलो ते त्या आठवड्यांमुळं.

एकाच प्रजातीत एवढं होतं, तर प्रजाती बदलल्यावर काय होत असेल? माउसच्या बेटात बीटा पेशी मधोमध गाभ्यात असतात आणि आल्फा पेशींची कड भोवती. पाठ्यपुस्तकातलं रंगीत चित्र बहुधा याच बेटाचं असतं. माणसाच्या बेटात तशी कड नाही. आल्फा, बीटा, डेल्टा एकमेकींत मिसळून रक्तवाहिन्यांच्या कडेनं बसलेल्या असतात, आणि आल्फांचं प्रमाण बरंच जास्त. माउस आणि रॅटमध्ये इन्सुलिनची दोन जनुकं, माणसात एकच. त्यांच्या बीटा पेशीत साखर शिरते ती ग्लुट-२ या दारानं, माणसाच्या बीटा पेशीत मुख्यतः ग्लुट-१ नं. या दाराचा फरक नुसता शास्त्रीय बारकावा नाही. प्रयोगात मधुमेह घडवायला स्ट्रेप्टोझोटोसिन नावाचं रसायन वापरतात. ते ग्लुट-२ मधूनच आत शिरून बीटा पेशी मारतं. मानवी बीटा पेशी त्याला चांगल्याच पुरून उरतात. तरुण रॅटच्या बीटा पेशी सहज विभागतात, म्हणून त्यांची संख्या वाढवणारी कितीतरी रसायनं रॅटमध्ये चमकली आणि प्रौढ माणसाच्या बेटांपाशी येऊन थंडावली. त्यांतल्या प्रत्येक बातमीनं कुठल्या तरी घरात आशा लावली होती. टाइप १ झालेल्या मुलांचे आईवडील मला फोन करून विचारतात, ‘डॉक्टर, पेपरात आलंय ते खरं का?’ मी पहिल्यांदा विचारतो, कोणत्या प्राण्यात?

ज्यांना स्वतःहून मधुमेह होतो अशा जातींची ओळख स्वतंत्र प्रकरणात आहे, इथं नुसती नावं देतो: जपानमध्ये सापडलेला एनओडी माउस आणि कॅनडातल्या ओटावाचा बीबी रॅट, दोन्ही टाइप १ सारखे, जपानचाच गोटो-काकिझाकी रॅट, लठ्ठ न होता टाइप २ होणारा, आणि वाळवंटातला सँड रॅट, जो खारट झुडपं खाऊन निरोगी राहतो आणि प्रयोगशाळेचं नेहमीचं खाद्य मिळताच मधुमेही होतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत निपजलेला लठ्ठ रॅटही याच पंगतीतला.

गिनीपिगवर मात्र थांबावंसं वाटतं. त्याचं इन्सुलिन इतरांहून इतकं निराळं आहे, की ते जस्ताशी बांधलंही जात नाही. याच निराळेपणामुळं गिनीपिगला गायीडुकराचं इन्सुलिन टोचलं की त्याचं शरीर ते परकं ओळखतं आणि भरपूर प्रतिपिंडं बनवतं. रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी १९५९-६० च्या सुमारास रक्तातलं अतिसूक्ष्म इन्सुलिन मोजायची रीत काढली ती अशा प्रतिपिंडांच्या बळावर. यॅलो यांना १९७७ मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. बेटाचा स्रोत म्हणून विचित्र ठरलेला प्राणी मोजमापाचं साधन देऊन गेला.

अँगलरफिशनं दुसऱ्यांदा कामगिरी केली ती बोस्टनमध्ये. त्याच्या ब्रॉकमन पिंडात संप्रेरकांच्या संदेशांची इतकी गर्दी असते, की जनुकांच्या प्रती काढायला ती ऊती सोयीची पडते. १९८२ मध्ये जोएल हॅबनर यांच्या प्रयोगशाळेनं त्या माशाच्या ग्लुकागॉनच्या मूळ साखळीचा अनुक्रम वाचला, तेव्हा ग्लुकागॉनच्या शेजारी त्याच्यासारखाच आणखी एक तुकडा दडलेला आढळला. पुढं सस्तन प्राण्यांत त्याच जागी जीएलपी-१ हे संप्रेरक सापडलं. आज वजन आणि साखर उतरवणारी जी इंजेक्शनं घरोघरी चर्चेत आहेत, त्यांच्या वंशावळीत एक कुरूप, रुंद जबड्याचा समुद्रतळावरचा मासा आहे. कॅनडात हॅलिफॅक्सला जेम्स राइट यांनी तिलापिया माशाची बेटं मधुमेही माउसमध्ये रोवून साखर ताब्यात आणली. तिलापियाचं इन्सुलिन माणसाला चालणारं नाही, म्हणून मानवी इन्सुलिन बनवणारा तिलापियाही त्यांनी घडवला. कोलॅजिनेजची कटकट नाही, तासन् तास वेचणं नाही. मला या कामाचं फार कौतुक आहे.

महाराष्ट्रातही पर्यायांचा शोध झाला आहे. पुण्यात गणेशखिंडीला राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोंबडीच्या पिलांची बेटं वेगळी करून, इन्सुलिन सोडायला लावणारी औषधं त्यांच्यावर पारखता येतात का, हे तपासलं. पक्ष्यांत बीटा पेशींची बेटं वेगळी आणि आल्फा पेशींची वेगळी असतात, हा मोठा फायदा. पण ध्यानात ठेवायचं, की निरोगी कोंबडीची साखर दोनशेच्या वर असते, म्हणजे माणसाच्या हिशेबानं ती मधुमेहीच. तिच्या बीटा पेशी साखरेला फारशा दचकत नाहीत. बोकडाचंही तसंच. मटणाच्या व्यवसायातून त्याचं स्वादुपिंड सहज मिळू शकतं, आणि मलेशियात त्याच्या बेटांवर बरंच काम झालं आहे. मात्र रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात पिष्ट पदार्थ आधीच आंबतात, रक्तात साखरेपेक्षा लहान मेदाम्लं जास्त पोचतात, आणि त्याच्या बेटांचा कान त्या आम्लांकडंही लागलेला असतो. बोकडाच्या बेटाला माणसाचा प्रश्न विचारताना हे विसरून चालत नाही.

डुक्कर हा या सगळ्यांत सर्वांत मोठा विषय, कारण तिथं प्रयोग संपून उपचार सुरू होण्याची शक्यता आहे. २००० मध्ये कॅनडातल्या एडमंटनला जेम्स शॅपिरो यांच्या चमूनं सात रुग्णांच्या यकृतात मानवी बेटं सोडली आणि सातही जणांची इन्सुलिनची सुई सुटली. पण एकेका रुग्णाला दोन किंवा जास्त दात्यांची स्वादुपिंडं लागली. इतके दाते कुठून येणार? डुकराचं इन्सुलिन साठ वर्षं माणसाला चाललेलं, त्याची रक्तशर्करा आपल्यासारखी, अवयवाचा आकार आपल्याएवढा. अडचण बेट काढण्यात आहे. डुकराच्या बेटाभोवती आवरण जवळजवळ नसतंच, म्हणून कोलॅजिनेज लागताच ते विस्कटतं. सहा महिन्यांच्या, मांसासाठी कापलेल्या डुकराची बेटं हातात पीठ व्हावं तशी मोडतात. विण्याचं वय उलटलेल्या माद्यांची बेटं मोठी आणि टणक निघतात. ही गोष्ट कसाईखान्याच्या दारात उभं राहिल्याशिवाय समजत नाही. म्हणून एडमंटनच्याच ग्रेगरी कॉर्बट आणि रे रजॉट यांनी १९९६ मध्ये उलट टोक धरलं: नुकत्याच जन्मलेल्या पिलाचं स्वादुपिंड मुरवून नऊ दिवस वाढवायचं. एका पिलामागं सुमारे पन्नास हजार पुंजके मिळाले. ते चिवट असतात, पण अपरिपक्व. रोवल्यावर नीट कामाला लागायला त्यांना आठवडे लागतात.

स्टॉकहोममध्ये कार्ल-गुस्ताव ग्रोथ आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दहा मधुमेही रुग्णांत डुकराच्या गर्भाची बेटं रोवल्याचं जाहीर केलं. चौघांच्या लघवीत डुकराचं सी-पेप्टाइड, म्हणजे इन्सुलिन बनताना सुटणारा तुकडा, दोनशे ते चारशे दिवस येत राहिलं. इन्सुलिन कुणाचंच थांबलं नाही, तरी ती पेशी माणसात जिवंत राहू शकते हे दिसलं. मग १९९७ मध्ये धोक्याची घंटा वाजली: डुकराच्या जनुकसंचातच बसलेला एक विषाणू प्रयोगशाळेत मानवी पेशींना लागण करतो, असं लंडनमध्ये दिसून आलं. जगभर चाचण्या मंदावल्या. न्यूझीलंडच्या दक्षिणेला ऑकलंड बेटांवर एकोणिसाव्या शतकात सोडलेल्या डुकरांची एक एकाकी जात होती. १९९९ मध्ये ती नामशेष होऊ नये म्हणून काही डुकरं मुख्य भूमीवर आणली, आणि इतक्या वर्षांच्या एकांतवासामुळं ती बऱ्याच रोगजंतूंपासून मुक्त आढळली. त्यांची बेटं शेवाळापासून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या कुपीत बंद करून रुग्णांत सोडायच्या चाचण्या झाल्या. वादळी बेटांवरच्या डुकरांच्या पोटातली बेटं, हा योगायोग मी मुद्दाम रचलेला नाही. पुढं जनुकांची काटछाट करणारं तंत्र आलं आणि २०१७ मध्ये तो विषाणू पूर्ण निकामी केलेली पिलं जन्माला आली.

मूलपेशींपासून बनवलेली मानवी बेटं आता खरोखर रुग्णांपर्यंत पोचली आहेत, आणि काही तरुण सहकारी मला म्हणतात, सर, प्राण्यांचं प्रकरण संपलंच की. माझं मत वेगळं आहे. डिशमध्ये घडवलेलं बेट चांगलं की नाही, हे कशाशी ताडून ठरवायचं? ते आधी माउसमध्ये रोवूनच बघितलं जातं. आणि ते शरीरात कसं वागेल, रक्तवाहिन्या कशा धरेल, रोगप्रतिकाराला कसं तोंड देईल, याची भाषा आपण रॅट, कुत्रा आणि माकड यांच्याकडूनच शिकलो आहोत. प्राण्यांची गरज कमी होईल, व्हायलाच हवी. रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना टाळा ही त्रिसूत्री आपल्या देशातल्या नियमांतही आहे, आणि प्रत्येक संस्थेची नीतिसमिती प्राण्यांचा आकडा विचारते. तो आकडा प्रामाणिकपणे कमी करायचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे चुकीच्या प्राण्याला प्रश्न न विचारणं. माझ्या त्या अठ्ठेचाळीस माउसना कोणत्याही समितीनं अडवलं नसतं; कागद सगळे नीट होते.

म्हणून या पुस्तकात प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी एक कोरा तक्ता दिला आहे: प्रजाती, वाण, उपवाण, कुठून आला, लिंग, वय, वजन, खाद्य, शेवटचं कधी खाल्लं, मारल्यापासून स्वादुपिंड गार होईपर्यंत किती मिनिटं गेली, कोलॅजिनेजची बॅच, किती बेटं मिळाली, त्यांतली किती दुसऱ्या दिवशी शाबूत होती. प्रयोगाला हात घालण्याआधी तो पेननं भरा. रकाना रिकामा राहिला तर प्राणिगृहात फोन करा, पण तसाच सोडू नका. पहिलं प्रकरण सशाचं आहे. सशाची बेटं आज फारसं कुणी काढत नाही, तरी लँगरहॅन्स जिथं थबकला तिथूनच सुरुवात करावी असं मला वाटलं.